सुपाचा वारा

"वाऱ्या रे वाऱ्या, डोंगर उतरून ये,
हलकं तुझं ने, जड मला दे..."

खळ्यावर भात उफणताना वारा पडला की आई अशी हाक घालायची. तिच्या पायाशी बसलेल्या लहानग्या जगनला वाटायचं, वारा हिच्या माहेरचा असावा. हाक ऐकली की यायचाच.

त्याला वीस वर्षं झाली. आता, दोन हजार सहाच्या मे महिन्यातल्या दुपारी, कौलांखाली भाजून निघणाऱ्या ओटीवर तीच आई, धोंडीबाई, सूप घेऊन बसली होती. पण समोर भात नव्हतं. जगननं कॉम्प्युटरचा पत्रा काढून ठेवला होता आणि आतल्या ग्राफिक्स कार्डाला ती वारा घालत होती.

"किती झालं रे?"

"एक्क्याण्णव."

"मघाशी?"

"सत्याण्णव."

"म्हंजे ताप उतरतोय."

शहापूरच्या क्लासात शिकवता शिकवता जगननं हा कॉम्प्युटर एकेक भाग आणून घरीच जुळवला होता. कार्ड तेवढं नवं, भारीतलं. त्यावरचा वाटीएवढा पंखा सकाळी अडकला तो अडकलाच. तेल सोडून झालं, काडीनं ढकलून झालं. टेबल फॅन लावावा, तर व्होल्टेज पडून सगळंच बंद व्हायचं. कार्ड तापलं की पडद्यावर हिरव्या रेघा उठायच्या आणि चित्र गोठायचं. तीनदा पहिल्यापासून सुरुवात झाली होती. चारला लाइट जाणार होती. पाचला प्लॉटवाल्या शेटचा माणूस सीडी न्यायला येणार होता. बंगल्यांच्या नव्या स्कीममधून आपणच चालत फिरतोय असं वाटावं, अशी दीड मिनिटाची फिल्म हवी होती. झाली तर ठाण्याच्या ऑफिसात कायमची नोकरी. नाहीतर शेटनं दुसरा पोरगा बघून ठेवलेलाच होता.

शेजारची बाळी कळशी घेऊन जाता जाता अंगणात थबकली.

"काय गो धोंडीबाय, सून आणलीस काय? वारा घालत बसलीस ती."

"सूनच म्हन. काम थोडं नि ताप लई."

"मग बोलत कशी नाय?"

"नवी हाय. दोन दिसांनी बोलंल, मग मीच गप बशीन."

दोघी खळखळून हसल्या. जगन हसला नाही. एकेक चित्र पुढं सरकत होतं. अडुसष्ट टक्के. एकोणसत्तर.

धोंडीबाईनं सूप डाव्या हातात घेतलं आणि पडद्याकडं मान वळवली.

"यवडं निळं पानी कशाला?"

"पोहायला."

"पोहायला नदी हाय की." थोडं थांबून म्हणाली, "घरं बरी हायेत. मानसं कुठं गेली?"

"माणसं नंतर टाकतात."

पडद्यावरची वाट वळली. बांधावरचा ऐन आला, नदीकडं कललेला. शेटला फिल्ममध्ये एक तरी खरं झाड हवं होतं, म्हणून जगननं त्याचा फोटो काढून चिकटवला होता.

"हा ऐन आपल्यासारकाच वाकडा हाय रे."

"झाडं सगळी सारखीच, आये."

सुपाचा वारा क्षणभर थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

चुलत्यानं, दामूकाकानं, जमिनीतला आपला वाटा मागच्या वर्षीच शेटला विकला होता. मधोमध राहिलं होतं ते धोंडीबाईचं भाताचं खाचर. तिची सही आणलीस तर काम तुला, असं शेटच्या माणसानं जगनला सांगितलं, आणि वर हे कार्ड हातात ठेवलं. वारसाची नोंद लावायचीय म्हणून जगन तिला मुरबाडच्या कचेरीत घेऊन गेला. साहेब विचारतील, तू फक्त होय म्हण. साहेबांनी विचारलं, राजीखुशीनं देताय ना? ती होय म्हणाली. लेकाला द्यायचं, त्यात नाखुशी कसली! साक्षरतेच्या वर्गात गिरवलेलं नाव तिनं सावकाश काढलं. अनुस्वार राहिला होता. तो सगळ्यात शेवटी, कुणाच्या कपाळी कुंकू लावावं तसा टेकवला, आणि शेजारी अंगठाही उठवला. येताना एसटीत तिनं अंगठ्याची शाई त्याला दाखवली होती. "पुसत नाय मी. राहू दे दोन दिस."

त्र्याऐंशी. चौऱ्याऐंशी. तिच्या कोपरावरून घाम ओघळून सुपाच्या काठावर येत होता.

"हात दुखत असंल. थांब जरा."

"थांबले तर तुजी नोकरी जाईल. बघ तू तुजं."

नव्वद. साडेतीन वाजून गेले होते. आता रेघा उठत नव्हत्या. काम होणार होतं.

"उद्या पाटं उठव मला," ती म्हणाली. "खाचरात शेण पसरलंय, पाल्याची कवळं टाकलीत. वारा सुटायच्या आत रोपांसाठी राब भाजून घेते. तू काडी लावायला ये. तुजा बा असायचा तवा तोच लावायचा."

खाचरात काल संध्याकाळीच शेटच्या कुंपणाचे सिमेंटचे खांब येऊन पडले होते.

एक्क्याण्णव टक्क्यांवर आकडा थांबून होता. ती वारा घालतच होती. आता बोललो तर सूप थांबेल, हे त्याला माहीत होतं. उरलेले नऊ टक्के झाल्यावर बोलावं, असंही एकदा मनात येऊन गेलं. पडद्याकडची नजर काढून त्यानं तिच्या हाताकडं पाहिलं.

"आये, उद्या राबाला जाऊ नको. हे जे दिसतंय ना, ते आपलंच खाचर हाय. मुरबाडला तू सही केलीस, ती वारसाची नव्हती, विक्रीची होती. मी फसवलं तुला."