पिंजाऱ्याचा खांदा

वीस वर्षं कापूस पिंजताना पिंजणाच्या तातेवर, त्या ताणलेल्या आतड्याच्या दोरीवर, लाकडी मोगरी हाणून सलाउद्दीनचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली उतरला होता. तो क्लबाच्या गाद्या पिंजायला आला असताना बन्सीलाल वकिलांनी गमतीने त्याच्या हाती बॅडमिंटनची रॅकेट दिली. त्याने मारलेलं फूल जाळीपलीकडे असं आदळलं की समोरचे साहेब जागचे हलले नाहीत. तेव्हापासून तो वकिलांचा जोडीदार झाला. १९४१च्या माघात, रविवारी, नंदुरबारला धुळ्याच्या जोडीशी स्पर्धेचा अंतिम सामना होता.

त्याआधीच्या शुक्रवारी सकाळी त्याचा उजवा हात सदऱ्याच्या बाहीत शिरेना. बायको जाहेदा त्याला रनाळे गावी हाडं बसवणाऱ्या ठकुबाईकडे घेऊन गेली.

ठकुबाईने त्याचं कोपर बरगडीशी दाबून धरलं. “हात आत वढ.” तिच्या दोन्ही हातांना तो रोखता आला नाही. “आते बाहेर लोट.” या वेळी तिने मनगटावर नुसती दोन बोटं टेकवली. हात तसूभरही बाहेर गेला नाही.

“तुन्हा गाडीले एकच बैल शे,” ती म्हणाली. “आत वढनारा. बाहेर लोटनारा दुसरा कधीनाच बसी ग्या. महिनाभर हात वर करू नको.”

“आनि गिऱ्हाइकना लगनना अठरा गाद्या पिंजाना शेतस, त्या?” जाहेदाने विचारलं.

“थांबना तर पुढला महिना पिंजी. रविवारी खेयना तर परत कधी पिंजणलेच हात लावाना नही. तेल देस. तेल दुखनं दाबस, फाटेल जोडस नही.”

दोन दिवस तेल लागलं आणि दुखणं गेलं. सलाउद्दीनने ते बरं झालं असं धरलं.

“म्हातारीचं ऐकून घरी बसतोस की काय?” रविवारी सामन्याआधी हे कळल्यावर वकील हसले. “खांदे मोडतात आम्हा वकिलांचे, फायली उचलून. तुझा बाभळीचा आहे.”

“दुखत नही, वकीलसाहेब,” तो म्हणाला. खरंच दुखत नव्हतं.

शेवटच्या गुणाला धुळेकरांनी फूल उंच मागे टाकलं. सलाउद्दीन मागे सरकला. क्षणभर त्याला ठकुबाईची दोन बोटं मनगटावर जाणवली. मग त्याने सगळं बळ लावून हाणलं.

फूल रेघेवर पडलं. टाळ्यांच्या गजरात आणखी एक आवाज झाला, तो त्याला एकट्यालाच ऐकू आला. ताणलेली तात तुटावी तसा.

वकिलांनी हात पुढे केला. सलाउद्दीनने डावा दिला.

घरी जाहेदाने पहिली गादी उसवून तिचा कापूस पिंजण्यासाठी अंगणभर पसरून ठेवला होता.