सॅव कमिलेरीचं न सापडणारं दार

तीन पितळी बिजागऱ्या. एकेकीचं वजन सव्वा किलो.

निळा काकाकुवा, भिंतीएवढा.

डार्विनला जाणारं विमान, शनिवारी सकाळी.

अंड्यातला पांढरा भाग, फेस येईपर्यंत घुसळलेला.

लाकडाच्या तुकड्यावर पेन्सिलीने लिहिलेली माफी. चार ओळी. चौथी खोडलेली.

या सगळ्याचा एकमेकांशी नीट संबंध लागतो, असं सॅव कमिलेरीला गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला ठाम वाटत होतं. पावणेसहाला तेवढंसं वाटेना.

सॅव फुटस्क्रे या उपनगरातला सुतार. मेलबर्नच्या मधोमध, स्प्रेच्या चित्रांनी भरलेल्या एका गल्लीत त्याने एका बारला चोरदार करून दिलं होतं. पाटी नाही, घंटा नाही, मूठ नाही. विटांच्या भिंतीत मिसळून गेलेलं लाकूड. हे दार पुरं करायच्या नादात मुलीचा पदवीदान समारंभ त्याच्याकडून चुकला. त्याला तीन वर्षं झाली. क्लॉडीन आता नर्स होती, फुप्फुसांच्या वॉर्डात, आणि परवा नव्या नोकरीसाठी डार्विनला चालली होती. त्याआधी माफी मागायची, आणि तीही त्याच दाराआड बसून, ही अक्कल सॅवची स्वतःची. दुसऱ्या कोणाला सुचली असती तर त्याने त्या माणसाला गाढव म्हटलं असतं.

"काकाकुव्याच्या चोचीखाली दाबायचं," गल्लीतल्या भिंतीपुढे उभा राहून तो क्लॉडीनला ऐटीत म्हणाला.

"पा, कुठला काकाकुवा?"

काकाकुवा नव्हता. त्याच्या जागी, किंवा जागेच्या आसपास, एक जांभळा ऑक्टोपस पसरला होता. या गल्लीतली चित्रं आठवड्याला बदलतात हे सगळ्या शहराला ठाऊक आहे. सॅवलाही होतं. तरी स्वतःच्या दाराची खूण म्हणून त्याने धरलं ते चित्रच.

त्याने ऑक्टोपसचे डोळे दाबले. मग आठही हात, एकेक करून. फोटो काढायला आलेलं एक जोडपं थांबलं.

"तुम्ही काढलंय का हे?" बाईने विचारलं.

"नाही हो. मी सुतार. दार शोधतोय."

"कोणाचं?"

"माझंच."

फोटो न काढताच दोघं निघून गेली.

"आत फोन कर ना," क्लॉडीन म्हणाली.

"आत फोन लागत नाही. तीच तर मजा आहे."

"मजा," ती म्हणाली. नुसतं तेवढंच.

मग तिने पर्स त्याच्या हातात दिली. डावं मधलं बोट भिंतीवर सपाट टेकवलं आणि उजव्या बोटाने त्यावर ठोकलं. टक टक. वीतभर सरकली. टक टक. मान कलती, डोळे मिटलेले.

"हे काय चाललंय?"

"छातीत पाणी झालंय का ते असं बघतात. गप्प बस."

ऑक्टोपसच्या तिसऱ्या हातापाशी आवाज बदलला. "इथे पोकळ आहे," असं म्हणून तिने ढकललं. भिंत मुकाट आत गेली. बिजागऱ्या जराही कुरकुरल्या नाहीत, आणि हे तिला सांगायचं सॅवच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं. दिवसभरातलं शहाणपण एवढंच.

आत बारा खुर्च्या, मंद दिवे, आवाज खाली ठेवायचा नियम. मेन्यू नाही, काउंटरमागची टॅमझिन विचारते आणि बनवते.

"या सॅव! पंधरा मिनिटं आतून ऐकतोय आम्ही. पैजा लागल्या होत्या, राव."

"कोण जिंकलं?"

"कोणीच नाही. मुलीवर कोणी पैसे लावलेच नव्हते."

"हिला काहीतरी गोड दे," सॅव म्हणाला.

"कडू," क्लॉडीन म्हणाली.

"तुला तर गोड—"

"नऊ वर्षांची असताना, पा."

तिच्यापुढे जिन, कडू मुळांचा अर्क आणि संत्र्याची साल आली. त्याच्यापुढे व्हिस्की, लिंबू आणि तो अंड्याचा फेस. सॅवने एक घोट घेऊन खिशातून लाकडाचा तुकडा काढला. *त्या दिवशी काम फार होतं.* हे वाचायचं नाही. *तुला माझा स्वभाव माहीत आहे.* हेही नाही. *दार मात्र बघ कसं झालंय.* अरे देवा. उरली खोडलेली ओळ.

"मी यायला हवं होतं," त्याने वाचलं. कुजबुजला, तरी बाराही खुर्च्यांना ऐकू गेलं.

"खोडली का होतीस?"

"फार छोटी वाटली."

"मिशीला फेस लागलाय तुझ्या."

शेजारचा माणूस खुदकन हसला आणि टॅमझिनने डोळे वटारताच ग्लासात बघू लागला.

"नेमका कुठे होतास तेव्हा?" क्लॉडीनने विचारलं.

"इथेच. तिसरी बिजागरी बसवत होतो. दोनवर दार जरा लोंबत होतं."

"किती?"

"दोन मिलीमीटर."

ती हसली नाही. तिने संत्र्याची साल ग्लासात ढवळली. मग टॅमझिनला म्हणाली, "पुढची फेरी माझी."

पहिली फेरी एकाने पाजली की दुसऱ्याने आपली पाजल्याशिवाय उठायचं नाही, ही इथली रीत, हाडवैरीसुद्धा पाळतात. त्यामुळे ही माफी होती की नुसती रीत, हे सॅवला कळेना. विचारावंसं वाटलं. मिशी पुसून तो म्हणाला, "शनिवारी विमानतळावर मी सोडतो."

"सहाला निघायचंय."

"पाचला येतो."

"सहाला ये, पा. फक्त ये."

पदवीदान दुपारी तीनला होतं, आणि तिसऱ्या रांगेतली एक खुर्ची क्लॉडीनने त्याच्यासाठी कोट टाकून शेवटपर्यंत धरून ठेवली होती.