जनुक बसवणारा माणूस

मुलांनो, एका सभागृहात पहिल्या रांगेत बसला आहात, अशी कल्पना करा. समोर खुर्चीवर एका मुलीचे वडील. त्यांच्या मेंदूत गाठ आहे, शुक्रवारी शस्त्रक्रिया. पांढऱ्या कोटातला एक माणूस त्यांच्या कपाळावर बोटं दाबतो. रक्ताचा ओघळ येतो आणि बोटांत लिबलिबीत गोळा. लोक हात जोडतात.

"तुमचं निसटलेलं जनुक मी जागेवर बसवलं," तो म्हणतो. जणू शर्टाचं बटणच! आपण त्याला बटणवाला म्हणू. गोळा तो दर वेळी लगेच जाळून टाकतो.

घरी आल्यावर वडिलांनी शस्त्रक्रियेला साफ नकार दिला. मुलीनं मात्र त्यांचं कपाळ पुसलेला ओला रुमाल थेट आत्याकडे नेला. आत्या रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत होती. बटणवाल्यानं तिच्या नवऱ्याचंही जनुक असंच 'बसवलं' होतं. उपचार सोडून तो चार महिन्यांत गेला.

सूक्ष्मदर्शकातून पाहताना आत्या हसली. ते हसू चांगलं नव्हतं.

"माणसाच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, बाळ. इथं प्रत्येकीत ठिपका आहे. हे कोंबडीचं रक्त."

दुसऱ्या दिवशी दोघी सूक्ष्मदर्शक घेऊन सभागृहात गेल्या. जनुक आणखी पक्कं करून घ्यायला वडील पुन्हा खुर्चीत बसले होते. बटणवाल्याचा हात कपाळापाशी पोचताच आत्यानं त्याचं मनगट धरून पिरगाळलं. बोटांच्या बेचक्यातून रक्तानं भरलेली रबरी पिशवी पडली. आत कोंबडीच्या काळजाचा तुकडा.

मग तिनं लोकांना समजावलं. पेशींची वाढ रोखणारी काही जनुकं असतात, सायकलच्या ब्रेकसारखी. एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून. बहुधा दोन्ही गेल्या की पेशीला थांबणं जमत नाही. एकीच्या दोन, दोनांच्या चार. असे ब्रेक तुटले की मेंदूतली गाठ फोफावते. ते कपाळ दाबून जागेवर बसत नाहीत. शस्त्रक्रियेनं सगळं बरं होईलच असं नाही, पण वेळ मिळतो. हा माणूस तोच वेळ चोरत होता. म्हणून मुलांनो, मी सांगतो, चमत्कार दिसला की आधी तपासा, मग हात जोडा.

बटणवाला माफी मागू लागला. मुलीनं त्याची बाही धरून त्याला सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं आणि ठिपके मोठ्यानं मोजायला लावले. तो अकरावर पोचला, तेव्हा वडिलांनी खालच्या आवाजात विचारलं, "शुक्रवारी किती वाजता जायचंय?"

"आठ वाजता, बाबा," मुलगी म्हणाली, आणि बटणवाल्याकडे वळली. "तुम्ही का थांबलात? मोजा."