खोक्यातला कण

"अगो सुरभे, काय केलंस ह्ये?"

वडिलांचा, महिपतींचा आवाज आला तसा सुरभीचा हात थांबला. समोरच्या गणपतीचे दोन्ही डोळे आखून झाले होते, तेही झकास. पण अंग खडबडीतच होतं. पॉलिश पेपर मारायच्या रांगेतलाच गणपती सुरभीबाईंनी उचलून आणला होता. पेणच्या त्यांच्या कारखान्यात आजोबांच्या वेळेपासूनचा दंडक होता, की एकदा डोळे उघडले की त्या अंगावर पॉलिश पेपर घासायचा नाही. म्हणजे ही मूर्ती आता गिऱ्हाइकाला देता येणार नव्हती.

"लक्ष कुठं व्हतं तुझं?"

लक्ष होतं क्वांटम मेकॅनिक्समध्ये. सोमवारी पेपर होता. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला वर्गात दोघंच, ती आणि निडी गावचा जितेश. रोह्याची गाडी येईपर्यंत पेण स्टेशनच्या बाकावर ती त्याला शिकलेलं समजावून सांगायची, तो हुज्जत घालायचा, आणि भांडता भांडता विषय डोक्यात शिरायचा. दिवाळीनंतर त्याला रोह्याला एका कंपनीत नोकरी लागली आणि कॉलेज सुटलं. आता मेसेज केला की 'शिफ्टला आहे, नंतर बोलू' एवढंच उत्तर. ते 'नंतर' काही उगवलं नाही. मैत्रिणींपुढे विषय काढला तर त्या हसून कुणाच्या तरी साखरपुड्याकडे वळायच्या. सगळ्या गावात पोर एकटी पडली होती.

"अभ्यास कुणाला सांगितल्याशिवाय मला समजतच नाय, बाबा," ती म्हणाली. "आणि सांगू कुणाला?"

महिपती रागावले नाहीत. त्यांनी तो गणपती उचलला, खिडकीशी तिचं अभ्यासाचं टेबल होतं तिथे नेऊन खुर्चीसमोर ठेवला.

"ह्याला सांग. डोळं दिलंस ना? मग बघंल तुझ्याकडं."

एवढं बोलून ते तिच्याकडे पाठ करून आपल्या कामाला बसले. सुरभीला आधी स्वतःचंच हसू आलं. मग हळू आवाजात तिने सुरुवात केली.

"समज, एक कण हाय. खोक्यात कोंडलेला. बाहेर पडायची सोयच नाय. तरी तो कधी गप बसू शकत नाय. त्याची ऊर्जा शून्य होतच नाय..."

इथेच तिचं घोडं अडायचं. ती थांबली तेव्हा लक्षात आलं, की मागची पॉलिश पेपरची खरखरही थांबली आहे.

"का नाय?" महिपतींनी पाठमोरंच विचारलं.

जितेशसुद्धा नेमका इथेच हे विचारायचा. सुरभीने मान वळवली नाही. वळवली असती तर रडूच आलं असतं.

"सांगते," ती गणपतीकडे बघत म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली.