पाळण्याचं वरचं टोक

इमारती रंगवायच्या पाळण्यावर दोन माणसं लागतात. त्यातला दुसरा माझा जावई असावा, ही माझ्या लेकीची कल्पना. "बाबा, तुमच्यासारखा उस्ताद त्यांना कुठे मिळणार?" असं म्हणाली आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. जावई मूळचे कापडदुकानातले. दुकान बंद पडलं, तसे माझ्या हाताखाली आले. कामावर सगळे त्यांना जावईबापूच म्हणतात. त्यांना शिव्या द्यायच्या तरी मला अहो-जाहो करून द्याव्या लागतात, ते आणखी एक दुखणं.

पाळणा म्हणजे कठडा लावलेली लांब फळी. दोन टोकांना दोन दोर, आणि प्रत्येक टोकाला दोर सोडायचं-ओढायचं एक हातचाक. उतरताना मी "सोडा" म्हणतो, पलीकडून "सोडलं" असं उत्तर आलं की पुढचा फेरा. दोन्ही टोकं बरोबरच उतरली पाहिजेत.

त्या दुपारी वारा सुटला होता आणि आम्ही सातव्या मजल्यावरून घाईने उतरत होतो. "सोडा." "सोडलं." "सोडा." "सोडलं." मी आपला भिंतीवरच्या माझ्याच कामाचं कौतुक करत होतो. तिकडे त्यांचं चाक केव्हाच अडकलं होतं. सासऱ्याला 'जमत नाही' कसं सांगायचं, म्हणून हे सद्गृहस्थ नुसतेच "सोडलं, सोडलं" म्हणत राहिले!

पायाखाली फळी तिरकी लागली तेव्हा उशीर झाला होता. रंगाची बादली घरंगळत येऊन माझ्यावर आपटली, तिथून खाली गेली. तिच्या मागोमाग मी घसरलो आणि माझ्या टोकाच्या कोपऱ्यात आदळलो. उजवा हात कठडा आणि भिंत यांच्यामध्ये चेचला. बोटं हलेनात.

खाली आरडाओरडा सुरू झाला. कोणी ना कोणी जिन्याने गच्चीकडे धावलंच असणार, पण इतके मजले चढून येईपर्यंत काय होईल ते दिसत होतं. पाळणा एका अंगाला सरकला होता आणि वर माझा दोर गच्चीच्या धारेवर घासत होता. वाऱ्याचा झोत आला की दोराचे तंतू तुटून उडायचे. माझं टोक वर ओढून पाळणा सरळ केला तरच दोर धारेवरून सुटणार होता. डाव्या हाताने चाक हलेना. म्हणजे जावईबापूंनीच यायला हवं होतं. त्यासाठी कमरेला बांधलेल्या सुरक्षेच्या पट्ट्याची कडी त्यांच्या टोकावरून काढायची आणि माझ्यापर्यंत त्या उतारावरून तसंच यायचं.

ते कठड्याला मिठी मारून, डोळे गच्च मिटून बसले होते.

"अहो, या इकडे! बसलात काय?" मी ओरडलो. "मुलीचा हात मागायला आलात तेव्हा मोठी छाती काढून बसला होतात!"

ते आणखीच आक्रसले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, इथे तो ब्रह्मराक्षस मीच झालो होतो. वर दोराचा एक पीळ तुटला. माझं टोक वीतभर खचलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. मग ओरडायचंही त्राण उरलं नाही.

"जावईबापू," मी म्हणालो, "माझे पाय लटपटतायत."

त्यांनी एक डोळा उघडला. "तुमचे?"

"रोज लटपटतात. सकाळी फळीवर पाय ठेवताना पोटात गोळा येतो. रोज येतो."

"मग ते... उंचीची भीती म्हणजे काय ते ठाऊकच नाही म्हणता, ते?"

"बोलायला काय जातं? तोंडाची वाफ."

"मला वाटायचं, मी एकटाच भित्रा आहे," ते म्हणाले. आणि मला माझ्या सगळ्या बढायांची लाज वाटली.

"दोर धरेल ना, बाबा? आपल्या दोघांना?"

"ठाऊक नाही. पण बसून राहिलो तर नक्की धरणार नाही."

मग कडी सुटल्याचा आवाज आला.

"खाली बघू नका. माझ्याकडे बघा. डावा हात पुढे. आता गुडघा. शाब्बास! पुन्हा हात." मी बोलत होतो, ते सरकत होते. अर्ध्या वाटेवर पाळणा पुन्हा खचला. मी बघितलं, तर वर दोराचा जेमतेम एक पीळ उरला होता. काही केल्या शब्द फुटेना.

"बाबा, बोला ना," ते म्हणाले. मग माझा चेहरा पाहून थांबले. "बरं, नका बोलू. मीच बोलतो. हात. गुडघा. आलोच हां बाबा, हा बघा आलो. घाबरू नका."

कापडाचे तागे मोजणारा तो माणूस माझ्याशेजारी आला. आधी त्यांनी माझा पट्टा घट्ट आहे ना ते पाहिलं, मग स्वतःची कडी अडकवली, मग चाक धरलं. "तुम्ही फक्त मला धरून ठेवा," म्हणाले. मी डाव्या हाताने त्यांचा शर्ट मुठीत धरला. चाक कुरकुरलं. फळी इंचाइंचाने वर आली. सरळ झाली. दोर धारेवरून सुटला. वरून माणसांचे आवाज आले, आणि एक नवा, जाडजूड दोर आमच्यासमोर लोंबू लागला. जावईबापूंनी त्याचा आकडा कठड्यात पक्का केला.

"बाबा, शर्ट सोडा आता. माझ्या टोकाला जाऊन चाक मोकळं करतो."

"जरा थांबा," मी म्हणालो. "तुमचं धाडस आलंय. माझं अजून यायचंय."