उजव्या पायाचे डाग

आमचा ट्रक माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा आहे आणि गेला महिनाभर तो ऑइल पीत होता. आठवड्याला दोन लिटर. खाली थेंब पडलेला नाही, सायलेन्सरमधून निळा धूर नाही, रेडिएटरच्या पाण्यावर तवंग नाही. मग जातं कुठे?

सगळ्यांकडे एकच उत्तर होतं. मी.

कारण यावेळचं ऑइल मी बदललं होतं. गणिताच्या सरांच्या टेबलावर वही आपटून मी शाळेतून निघाले ती परत गेलेच नाही. तेव्हापासून मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये आहे. पहिलं मोठं काम म्हणून बाबांनी आपलाच ट्रक माझ्या हाती दिला. जुनं ऑइल मी काढलं, चेंबरखालचा नट मी आवळला, नवीन ऑइल मी ओतलं. शिवाय ट्रक रात्री गॅरेजमध्येच उभा असतो, म्हणून रोज सकाळी इंजिनात मोजपट्टी घालून ऑइल किती आहे ते भिंतीवर खडूने लिहायला लागले. माझी चूक तीच झाली. आधी मोजत कोण होतं? बाबांच्या मनात आलं की ते ओतायचे.

"नट बघितलास का?" मिस्त्रींनी शनिवारी पुन्हा विचारलं. त्यांना सगळे हळू मिस्त्री म्हणतात. त्यांचं एक वाक्य संपेपर्यंत माझा एक नट निघतो.

"चार वेळा बघितला."

"वॉशर नवीन घातलास का?"

"घातला! खाली वर्तमानपत्र पसरलं होतं रात्रभर. हे घ्या, वाचा. कोरडं ठणठणीत."

मिस्त्रींनी खरंच कागद घेतला आणि ते वाचायला लागले. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

बाबा पायरीवर बसून चहा पीत होते. म्हणाले, "कुठेतरी पाणी मुरतंय."

"पाणी नाही, ऑइल!"

"तोंड आवर. सोमवारी इंजिन खोलायला टाकतो. महिनाभर गाडी उभी राहील. आणि खोलून जर कळलं की तुझ्या हातचं काही बिघडलंय, तर पाना खाली आणि दप्तर वर. समजलं?"

सगळे मला पाण्यात पाहत होते. मी पाना आपटला. तो उडून माझ्याच नडगीवर बसला. मिस्त्री हसले, हळूहळू.

रविवारी घरी मागच्या दाराशी आई कपडे धूत होती. मी चुलत बहिणीशी भांडून तिथे येऊन बसले होते. आई बाबांची खाकी पँट दगडावर घासत होती आणि पँटशीच बोलत होती.

"घास घास घासलं तरी मेलं जात नाही. आणि रोज एकाच पायाला कसं गं? डावा बघ, कसा स्वच्छ. उजवा बघ."

मी बघितलं. घोट्यापासून वर वीतभर बारीक बारीक ठिपके. तपकिरी. फवारा उडाल्यासारखे.

"बाबा कशाने उडवून घेतात?" मी विचारलं.

"मी विचारलं तर म्हणतात, पाणी उडतं. असलं कसलं गं पाणी? पाण्याचे डाग साबणाने जात नाहीत होय?"

मी पँट हिसकावून घेतली आणि नाकाला लावली.

"अगं ए! ओली आहे ती!"

ऑइल. जळकं, इंजिनात फिरून आलेलं. हा वास मी झोपेतसुद्धा ओळखेन.

आता ही पाण्याची गोष्ट अशी. आमच्या ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. इंजिनाला जोडलेला कॉम्प्रेसर हवा दाबून टाकीत भरतो. हवेतल्या दमटपणाचं टाकीत पाणी साचतं, म्हणून रोज सकाळी टाकीखालची कडी ओढून ते सोडून द्यायचं. सगळे ड्रायव्हर याला ‘पाणी काढणं’ म्हणतात. बाबा उजवा पाय पुढे टाकून खाली बसतात, कडी ओढतात, फुस्स होतं, उठतात. वीस वर्षं. नाव पाणी, म्हणून ते पाणी. खाली वाकून बघायचं कशाला? गॅरेजची जमीन तर आधीपासूनच काळी. मीसुद्धा रोज तिथेच उभी होते, तो राग वेगळाच.

सोमवारी सकाळी बाबा कडी ओढायला बसले तसा मी स्वयंपाकघरातून आणलेला पांढरा टोप कडीखाली सरकवला.

"हे काय? आईला माहीत आहे का?"

"ओढा तुम्ही."

फुस्स. टोपात कॉफीसारखा फेस जमला. फेस खाली बसला आणि वर काळपट ऑइल चकाकायला लागलं. जवळजवळ कपभर.

"हे तुमचं पाणी," मी म्हटलं. "कॉम्प्रेसरला ऑइल इंजिनातूनच जातं ना? त्याच्या पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. तो ऑइल टाकीत ढकलतो आणि तुम्ही रोज स्वतःच्या हाताने सोडून देता. माझा नट, माझा वॉशर, माझं दप्तर! महिनाभर माझं डोकं खाल्लंत!"

बाबांनी टोपात बोट बुडवलं, मग आपल्या पायाकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी काहीतरी बोलतील.

"मी म्हटलंच होतं," ते म्हणाले, "कुठेतरी मुरतंय."

मी किंचाळणारच होते. तेवढ्यात मिस्त्री येऊन पोचले. त्यांनी टोप उचलला, उजेडात धरला, वास घेतला, पुन्हा धरला. त्यांना कोणीतरी धक्का मारावा असं मला वाटत होतं.

"इंजिन नको खोलायला," शेवटी ते बाबांना म्हणाले. "कॉम्प्रेसर काढायचा."

"कधी काढता?"

"मी कशाला? ही काढेल."

बाबांनी खाली पडलेला पाना उचलला, रुमालाने पुसला आणि माझ्यापुढे धरला. दप्तराचं नावही काढलं नाही. एवढंच म्हणाले, "जपून. मागचा बोल्ट गंजलाय."

गंजला होताच. दुपारपर्यंत मी त्याला शिव्या देत होते, आणि आईचा टोप कसा धुवायचा ते अजून कोणालाच सुचलेलं नव्हतं.