जयवंताबाईच्या हातातलं रिव्हॉल्व्हर

मी एक लहानसं रिव्हॉल्व्हर बोलतोय. वजनाला इतका हलका, की चंपतराव पाटलांच्या बंडीच्या खिशात मी आहे हे कुणाला कळायचंही नाही. लोकांना वाटतं, हलकं हत्यार बाईमाणसाला सोपं. उलट आहे! जड बंदूक बार उडाल्याचा धक्का स्वतः सोसते; मी तो सगळाच्या सगळा धरणाऱ्याच्या हातात देतो.

वांकिडीजवळच्या त्यांच्या गावात तेव्हा लुटारूंची दहशत होती. निजामाचं राज्य संपत आलेलं, तक्रार ऐकायला कुणी नव्हतं. म्हणून पाटलांनी मुद्दाम कमी दारूची काडतुसं आणवली आणि बायकोला, जयवंताबाईला, परसात नेम शिकवायला घेतला.

"काऊन भेतं वं? दोन्ही हातानं धर. करंगळी दाब, मनगट ढिल्लं सोडू नको."

तिनं धरलं. बार झाला, मी उसळलो, तिची मनगटं एकमेकांवर आपटली आणि दोन हिरव्या बांगड्या तुकडे होऊन खाली पडल्या. सासू रुख्मिणीबाई धावत आली.

"नवरा समोर उभा अन् बांगड्या वाढवून राह्यली काय वं!"

फुटल्या म्हणायचं नसतं, म्हणून वाढवल्या. पाटील नुसते हसले. पुढच्या वेळी त्यांनीच तिच्या बांगड्यांवर फडकं गुंडाळलं. मग पाचातले चार नेम बसू लागले. मला तिचा फार अभिमान वाटायचा.

भादव्यातल्या एका सकाळी लुटारू अंगणात शिरले. एकानं पाटलांना खाली पाडून कुऱ्हाड उगारली. जयवंताबाईनं मला उचललं. फडकं गुंडाळायला वेळ कुठला? तिचा डावा हात पुढे आला, माझ्या मुठीला लागलासुद्धा, आणि मागे गेला. एकाच हातानं बार झाला. गोळी दाराच्या चौकटीत घुसली, मी वर उसळलो. एकट्या मनगटानं मला पुन्हा खाली आणेपर्यंत कुऱ्हाड पडली होती.

तिच्या बांगड्या शाबूत राहिल्या. दुपारी गावच्या बायकांनी त्या दगडावर फोडल्या.

पुढे संस्थान विलीन झालं, हत्यारं जमा करायची दवंडी फिरली. ठाण्यात शिपायानं विचारलं, "कभी चलाया था?"

"एकडाव. मी भेली, नेम चुकला," ती खाली बघून म्हणाली. गावही तेच म्हणत होतं.

आता आमचा जिल्हा आंध्रात गेलाय. ठाण्यात माझ्या गळ्यात बांधलेली मालकाच्या नावाची चिठ्ठी उर्दूत आहे, नव्या कारकुनाला ती वाचता येत नाही. त्यानं मला बेवारस ठरवून भट्टीत पाठवायच्या यादीत घातलंय. मी गंजलोय, जायचं दुःख नाही. पण वांकिडीकडे कुणी जाणार असाल, तर जयवंताबाईला माझी साक्ष सांगा. गावालाही सांगा. ती भ्यायली नव्हती. तो हात तिनं मागे घेतला, तो पाटलांना आयुष्य लाभावं म्हणून.